किन्लारीचा ओलीस

"आलास? बरं झालं," डुगल म्हणाला. "आता निघता येईल."

नऊ वर्षांनी घरी परतलो, तेव्हा किन्लारीच्या दारात माझं एवढंच स्वागत झालं. नोव्हेंबर महिना होता. हिवाळ्यात चारा पुरत नाही, म्हणून आमच्याकडे त्या दिवसांत जादा गुरं कापून मांस मिठात मुरवून ठेवतात. सगळं अंगण रक्ताने आणि मिठाने चिकट झालं होतं. डुगल म्हणजे माझ्या वडिलांचा कारभारी. हातातला सुरा त्याने कातडी एप्रनला पुसला आणि मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. बाकीची माणसंही हातातलं काम टाकून बघत राहिली. हे सगळे कधीपासून आपली वाट बघत असावेत असं मला वाटलं, आणि त्याचंच नवल वाटलं. किन्लारीत माझी वाट कुणी कधी बघितली नव्हती.

"कुठे निघायचंय?" मी विचारलं.

"आधी वर जा. बाईसाहेबांना भेट."

मी घोड्यावरून उतरलो. गुडघे आखडले होते. नऊ वर्षांत घोड्यावर बसायची सवयच गेली होती.

माझे वडील सर मॉरिस हे किन्लारीचे लॉर्ड. मी त्यांचा थोरला मुलगा, पण लग्नाच्या बायकोचा नव्हे. माझी आई खालच्या गावात बिअर गाळून विकायची. मी दोन वर्षांचा असताना लेडी युफेमिया लग्न होऊन किल्ल्यात आल्या आणि पुढच्या वर्षी त्यांना कॉलिन झाला. आई गेल्यावर मला किल्ल्यात आणलं, ते घोड्यांच्या कामाला. दिवाणखान्यातल्या लांब टेबलाच्या शेवटच्या टोकाला मी जेवायचो आणि कॉलिनच्या तट्टाला खरारा करायचो. कॉलिन चांगला मुलगा होता. मला नावाने हाक मारायचा.

नदीपलीकडचं टोरव्हेन घराणं आमचं वैरी. पहिला खून कुणाच्या पणजोबांनी केला हे दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनाही नीट सांगता येत नसे. शेवटी राजाच कंटाळला. त्याने दोन्ही लॉर्डना बोलावून सांगितलं, आपापला थोरला मुलगा माझ्याकडे ओलीस ठेवा. दोघांपैकी कुणीही शांतता मोडली, चूक कुणाचीही असो, दोन्ही मुलं फासावर जातील. टोरव्हेनने आपला एकुलता एक वॉल्टर दिला. राजाची माणसं किन्लारीला आली तेव्हा मी तबेल्यात होतो. मला बोलावलं, तोंड धुवायला सांगितलं, कॉलिनचा कोट चढवला. तो खांद्यांत घट्ट होत होता. वडिलांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हा माझा थोरला मुलगा."

खोटं ते बोलले नव्हते. सोळा-सतरा वर्षांचा होतो मी. त्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो. माझे कान गरम झाले. वाटेत दुसऱ्या दिवशी, घोड्यावर बसल्या बसल्या, सगळा हिशेब माझ्या लक्षात आला. मेला तरी चालेल असा मुलगा त्यांनी दिला होता.

राजाचा तो किल्ला समुद्राच्या काठावर होता. वॉल्टरला आणि मला बुरुजातली एकच खोली दिली होती, एक पलंग, एक खिडकी. पहिलं वर्षभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्यानंतर बोलायला लागलो, कारण दुसरं कुणी नव्हतंच. तो माझे केस कापायचा, मी त्याचे. एका हिवाळ्यात मला ताप भरला, तेव्हा तो विस्तवात दगड तापवून फडक्यात गुंडाळायचा आणि माझ्या पायाशी ठेवायचा. त्याचे वडील दर वसंतात त्याला भेटायला यायचे. माझ्याकडे कधी कुणी आलं नाही. तिसऱ्या वर्षी फक्त निरोप आला की कॉलिन घोड्यावरून पडून वारला. मी तो वॉल्टरला सांगितला, तेव्हा तो खिडकीबाहेर बघत होता. "वाईट झालं," एवढंच म्हणाला. त्यानंतर कधीतरी त्याला एक खोड लागली. जिन्यावर पाऊल वाजलं की तो दचकून उठून बसायचा. मी त्याची थट्टा करायचो. भित्रा आहेस, म्हणायचो. तो हसायचा.

मग म्हातारा राजा वारला. नव्या राजाच्या दरबाराने जुने ओलीस सोडून दिले. आमच्या वाटा जिथे फुटत होत्या तिथे वॉल्टरने माझ्या घोड्याचा लगाम धरला. बराच वेळ धरून उभा राहिला. काहीतरी बोलेल असं वाटलं, पण त्याने लगाम सोडला आणि नदीकडे वळला.

लेडी युफेमिया दिवाणखान्यात उभ्या होत्या. थकलेल्या दिसत होत्या. केस पांढरे झाले होते आणि त्यांनी ते नीट झाकलेलेही नव्हते. मी गुडघा टेकला.

"धनी वर झोपलेत," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात झटका आला. डावं अंग गेलंय. दिवसाचा बराच वेळ झोपून असतात. जागे झाले की बोलावीन."

"कॉलिनचं कळलं होतं बाईसाहेब. मला फार..."

"कॉलिन घोड्यावरून पडला नाही."

मी गुडघ्यावरून उठून उभा राहिलो.

"नदी पायी ओलांडायच्या उतारावर त्याला मारला. टोरव्हेनच्या लॉर्डचा धाकटा भाऊ, हेक्टर, त्याची माणसं होती. एका जुन्या दारावर घालून आणला इथे. पाठीत भाल्याची जखम होती. मीच धुतली." त्यांचा आवाज कुठेही चढत नव्हता. "आमची माणसं घोड्यांवर खोगीर घालत होती. डुगल रडत होता. मग धन्यांनी सगळ्यांना इथे आत बोलावलं. कॉलिन इथेच होता, या टेबलावर. धनी म्हणाले, माझा मुलगा घोड्यावरून पडून मेला. याहून वेगळं जो कुणी बोलेल त्याला मी माझ्या हाताने लटकावीन."

"पण का?"

"टोरव्हेनने शांतता मोडली असं आम्ही म्हणालो असतो, तर राजाने दोघांना फासावर दिलं असतं. वॉल्टरला आणि तुला. हेक्टरला तेच हवं होतं. पुतण्या मेला की टोरव्हेन त्याचंच. आम्ही कधी ओरडतो याची तो वाट बघत बसला होता."

अंगणात कुणीतरी बादली ओतली. त्या खिडकीकडे वळून बोलू लागल्या.

"चार वर्षांचा असल्यापासून घोड्यावर बसणारा मुलगा. बिशप आले, त्यांना सांगितलं, पडला. माझी सख्खी बहीण आली, तिलाही सांगितलं, पडला. जेवताना कुणीतरी म्हणालं, प्यायला असेल. मी मान डोलावली. सहा वर्षं."

"बाईसाहेब, मला यातलं काही..."

"तुला कुठून कळणार." त्या माझ्याकडे वळल्या. "रोज सकाळी उठले की पहिला विचार तुझा यायचा. तो तिकडे जिवंत आहे. तापाने तरी मरू दे, असं मी देवाकडे मागत होते. तू समोर आल्यावर हे सांगायचं ठरवलं होतं, म्हणून सांगितलं. आता तुझ्याबद्दल काहीच वाटत नाही. जा, जेवून घे."

मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. समोर रस्सा आला, तो निवत गेला. नऊ वर्षं मी एक गोष्ट धरून बसलो होतो, की वडिलांनी मला टाकलं. आता ती हातातून गेली होती. त्यांनी माझ्यासाठी लग्नाच्या मुलाचं रक्त गिळलं होतं. याचं काय करावं ते मला कळत नव्हतं. आणि मग, चमचा हातात असतानाच, वॉल्टर आठवला. जिन्यावरच्या पावलांना दचकणारा.

डुगल समोर येऊन बसला.

"कळलं सगळं?"

"हो."

"उद्या उजाडलं की निघू. बावीस माणसं तयार आहेत. तू सुटायचीच खोटी होती."

"हेक्टर कुठे आहे?"

"पळाला. पुतण्या सुटून येतोय म्हटल्यावर आयर्लंडच्या बोटीत बसला म्हणतात. थोरला लॉर्ड, वॉल्टरचा बाप, गेल्या वर्षी मेला. आता तिथे वॉल्टर आहे."

"वॉल्टरने काही केलेलं नाही."

"रक्त तेच आहे," डुगल म्हणाला. "आणि तू त्याच्याबरोबर राहिलायस. दारात जाऊन तू हाक मारलीस तर तो दार उघडेल. आम्हाला तेवढंच हवंय."

वॉल्टरच्या वडिलांनी त्याला सांगितलेलं असणार. दर वसंतात ते यायचे. म्हणजे तिसऱ्या वर्षापासून तो माझ्या शेजारी झोपत होता, माझी भाकरी अर्धी मोडून घेत होता, आणि माझ्या भावाला कुणी मारलं हे त्याला ठाऊक होतं. मी त्याच्याजवळ कॉलिनच्या आठवणी काढायचो. तो ऐकून घ्यायचा.

"मारीन हाक," मी डुगलला म्हणालो.

सकाळी दव गोठून सगळं पांढरं झालं होतं. घोडे दारात आणले होते. कुणीतरी मला कॉलिनचं चिलखत दिलं. त्याचे पट्टे मी बांधत होतो, तेवढ्यात दारावरचा माणूस म्हणाला, "कुणीतरी चालत येतंय."

वॉल्टर होता. एकटाच. अंगात फक्त लिननचा सदरा, पाय अनवाणी. दोन्ही हातांनी त्याने उघडी तलवार पात्याच्या टोकाशी धरली होती आणि मूठ पुढे केली होती. आमच्याकडे ही जुनी रीत आहे. खुन्याच्या घराण्यातला माणूस असा येतो आणि मेलेल्याच्या जवळच्या नातलगापुढे तलवारीची मूठ धरतो. त्याने ती घ्यायची. मारायचं की सोडायचं, ते त्याचं त्याने ठरवायचं. पण कुणी येताना आधी चार माणसं मध्ये घालून, बोलणी करून, जीव वाचेल याची खात्री करून येतो. वॉल्टरने तसं काहीच केलं नव्हतं.

माणसांनी वाट दिली. तो चालत माझ्यापुढे आला आणि गुडघ्यांवर बसला. नदी उतरून आल्यामुळे सदरा मांड्यांपर्यंत भिजला होता. पात्याने तळहात कापले होते आणि रक्त मनगटावरून खाली येत होतं.

"घे," डुगल माझ्या कानाशी म्हणाला. "आणि संपव. रीतीतच बसतं."

मी मूठ धरली. वॉल्टरने पातं सोडलं आणि मान खाली घातली. त्या मानेवरचे केस मी महिन्याभरापूर्वीच कापले होते. वाकडे कापले होते, ते अजून तसेच होते.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"हो."

"कधीपासून?"

"वडील त्या वसंतात आले तेव्हा."

"आणि तू मला एकदाही सांगितलं नाहीस."

"रोज ठरवायचो," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "सांगितलं की तू ओरडशील, पहारेकरी ऐकतील, मग दोघेही जाऊ. असं स्वतःला सांगायचो. पण खरं ते नाही. मला मरायचं नव्हतं, निनियन. दुसरं कारण नाही."

मी तलवार उचलली नाही आणि खालीही ठेवली नाही.  सगळे बघत होते.

मागे दार वाजलं. लेडी युफेमिया शाल न घेता बाहेर आल्या होत्या. डुगल त्यांना थांबवायला गेला, त्यांनी त्याला हाताने बाजूला केलं आणि वॉल्टरच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"माझा मुलगा कसा मेला?"

वॉल्टरने वर पाहिलं.

"मोठ्याने सांग. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

"माझा चुलता हेक्टर याने त्याला मारवलं, बाईसाहेब. नदीच्या उतारावर. तीन माणसं होती. मागून भाला मारला."

"घोड्यावरून पडला?"

"नाही. घोड्यावर तो नव्हताच. त्याच्याबरोबरच्या नोकराचा पाय घसरला होता आणि तो प्रवाहात ओढला जात होता. त्याला काढायला कॉलिन उतरला होता. पाठ वळलेली होती ती म्हणून. त्या तिघांपैकी एकाने मरताना माझ्या वडिलांना सांगितलं."

हे त्यांना माहीत नव्हतं. मला दिसलं ते. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि भिंतीला हात टेकला. तो नोकरही त्या दिवशी मेला होता, त्यामुळे इतक्या वर्षांत सांगायला कुणी उरलं नव्हतं.

"पुन्हा सांग," त्या म्हणाल्या.

वॉल्टरने पुन्हा सांगितलं. त्याचे दात वाजत होते, शब्द तुटत होते, पण एकही गाळला नाही.  मागे घोडे फुरफुरत होते.

"बाईसाहेब," डुगल म्हणाला, "आता हुकूम द्या."

"मी दमले, डुगल." मग त्या माझ्याकडे वळल्या. "पुढचं तुझं तू बघ. तुझाही भाऊ होता तो."

आणि त्या आत गेल्या.

मी वॉल्टरकडे बघत उभा राहिलो. राग गेला नव्हता, पण त्याला काही जोर उरला नव्हता. हा मेला की टोरव्हेनचा कुणीतरी चुलत पुतण्या पुढच्या वसंतात आमच्याकडे येणार, मग आम्ही तिकडे. हा सगळा रस्ता मला पुढपर्यंत दिसत होता आणि तो चालायची माझ्यात ताकद नव्हती. क्षमा वगैरे म्हणावं असं माझ्या मनात काही आलं नाही. मी तलवार भिंतीला टेकवून ठेवली.

"ऊठ. पाय गोठतील," मी म्हणालो.

त्याला उठता येईना. मी काखेत हात घालून त्याला उभं केलं. डुगल जमिनीवर थुंकला आणि घोड्याचं खोगीर सोडू लागला. त्या दिवसानंतर तो माझ्याशी कधी बोलला नाही. तरण्यांपैकी चार-पाच जण महिन्याभरात दुसऱ्या लॉर्डांच्या चाकरीला निघून गेले. किन्लारीचं रक्त पातळ झालंय, असं ते बाजारात म्हणत असल्याचं माझ्या कानावर आलं.

वडील फेब्रुवारीपर्यंत जगले. त्यांच्या मागे किन्लारी मला मिळाली नाही. बिशपच्या न्यायसभेने माझ्या आईचं लग्न झालं होतं का एवढंच विचारलं, आणि जहागीर वडिलांच्या पुतण्याकडे गेली. तो वाईट माणूस नव्हता. त्याने मला नदीकाठची एक वाडी कसायला दिली, आणि लेडी युफेमिया मरेपर्यंत त्या वाडीवर माझ्याकडेच राहिल्या, कारण पुतण्याच्या बायकोशी त्यांचं पटलं नाही. आम्ही फारसं बोलायचो नाही. टोरव्हेनशी पुन्हा तंटा झाला नाही. वॉल्टर आता म्हातारा झालाय, मीही झालोय. जत्रेत भेटलो तर बाकावर शेजारी बसतो.

पण त्या दिवशी दुपारी जे झालं ते मी त्यालाही सांगितलेलं नाही.

वॉल्टरला कोरडे कपडे देऊन मी परत पाठवलं होतं. बाईसाहेबांनी बोलावलं, धनी जागे झालेत म्हणून. मी वर गेलो. ते उशांना टेकून बसले होते. मी ओळखलं नसतं त्यांना. तोंड एका बाजूला ओघळलं होतं आणि डावा डोळा मिटलेला होता. मी पलंगाच्या पायाशी उभा राहिलो.

"खाली कोण आलं होतं?" शब्द जड येत होते, पण समजत होते.

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. चूक म्हणाले नाहीत, बरोबर म्हणाले नाहीत.

"बाईसाहेबांनी मला सांगितलं," मी म्हणालो. "तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते."

"तिला अर्धंच माहीत आहे."

त्यांनी पाणी मागितलं. मी पाजलं. अर्धं हनुवटीवरून ओघळलं, ते मी पुसलं.

"तुला दिलं तेव्हा मला शांतता पाळायची नव्हती," ते म्हणाले. "म्हणून तुला दिलं. संधी मिळाली की टोरव्हेन जाळायचं, आणि तू गेलास तर गेलास. तसं ठरवूनच दिलं."

 मला ते पहिल्यापासून माहीत होतं.

"मग कॉलिन गेला. घोडे तयार होते. माझा एक पाय रिकिबीत होता." ते थांबले, श्वास घेतला. "म्हटलं, आता तिकडे त्या पोराला लटकावतील. आणि तुझा चेहरा आठवायला लागलो. आठवेना. डोळे कसे, नाक कसं, काही नाही. इतकी वर्षं माझ्या तबेल्यात होतास. कॉलिनचा कोट घातलेला आठवत होता. त्याच्या वर काही दिसेना."

खाली कुणीतरी पिंप लोटत होतं, त्याचा आवाज येत होता.

"ज्याच्याकडे एकदाही नीट बघितलं नाही, त्याला मारायला पाठवता येईना. म्हणून पाय काढून घेतला. एवढंच आहे. माया होती असं समजू नकोस. ते खोटं होईल."

"बरं," मी म्हणालो.

"तिकडे सरक. खिडकीपाशी. इथे अंधार आहे."

मी खिडकीपाशी गेलो. बाहेरचा उजेड माझ्या तोंडावर पडत होता. त्यांनी उजवा हात भुवईवर धरला आणि त्या एका डोळ्याने ते माझ्याकडे बघू लागले. मी कालपासून झोपलो नव्हतो, पाय दुखत होते, शेजारीच स्टूल होतं. त्यांचं बघून होईपर्यंत मी तसाच उभा राहिलो.